एकतीस एकांची संख्या

२१४७४८३६४७. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम घालून लिहिली तर २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दहा अंकी, मोबाइल नंबराएवढीच लांब. या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे. आज हे तपासायला साध्या संगणकाला क्षणाचाही अवधी लागत नाही. १७७२ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये लिओनार्ड ऑयलरने ते सिद्ध केलं, तेव्हा माणसाला खात्रीने ठाऊक असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती, आणि पुढे कित्येक दशकं तिचा हा मान टिकून होता.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हीच संख्या पाठ असते, पण वेगळ्या कारणासाठी. त्यांच्या दृष्टीने ती एक कुंपण आहे: ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या. एकाच संख्येला ही दोन प्रसिद्धिपदं मिळाली म्हटल्यावर त्यांचं एकमेकांशी काही नातं असणार असं वाटतं. नातं आहे, पण जिथे सगळे शोधतात तिथे नाही. त्याकडे येण्याआधी ऑयलरचं काम पाहायला हवं, कारण खरी गंमत त्यात आहे.

संख्या दिसायला ओबडधोबड असली तरी तिची घडण अगदी साधी आहे. २ चा ३१ वा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती लिहिली तर ओळीने एकतीस एक उमटतात. दशमान पद्धतीत ९९९ ही संख्या हजाराच्या एकच पाऊल अलीकडे असते आणि नुसत्या नवांची बनते, तसाच हा प्रकार.

एकांची अशी रांग मूळ संख्या असायची तर रांगेतल्या एकांची संख्याही मूळ असावी लागते. सहा एक घेतले तर त्या रांगेचे तीन-तीन एकांचे दोन सारखे तुकडे पडतात, आणि मग तीन एकांच्या संख्येने, म्हणजे ७ ने, तिला भाग जाणारच. सहा एकांची संख्या ६३ आहे, आणि ती ७ गुणिले ९. एकतीस एकांचे असे सारखे तुकडे पडत नाहीत. पण तेवढ्याने काम भागत नाही. अकरा एकांचेही सारखे तुकडे पडत नाहीत, तरी ती संख्या, २०४७, ही २३ गुणिले ८९ निघते. नेमकी इथेच आधीच्या बऱ्याच जणांची फसगत झाली होती.

या रांगांमागे माणसं लागली ती युक्लिडमुळे. ६ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. तसंच २८ चं. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. एकांची एखादी रांग मूळ निघाली, तर तिला २ च्या योग्य घाताने गुणून परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने दाखवून ठेवलं होतं. तेव्हा नवी परिपूर्ण संख्या हवी असेल तर एकांची नवी मूळ रांग शोधायची. बोलोन्याच्या पिएत्रो कातालदीने १६०३ च्या आपल्या पुस्तकात १७ आणि १९ एकांच्या रांगा मूळ असल्याचं दाखवलं. त्यासाठी त्याने साडेसातशेपर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता केला आणि एकेकाने भागून पाहिलं. इथवर काम चोख होतं. मग २३, २९, ३१ आणि ३७ एकांच्या रांगाही मूळ आहेत, असं त्याने पुढे लिहून टाकलं. चारांपैकी तीन विधानं चुकीची निघाली. खरी ठरली ती फक्त ३१ ची, आणि तीही पुराव्याशिवाय.

पॅरिसचा मारँ मेर्सेन हा धर्मसेवक. युरोपभरच्या गणितींशी त्याचा पत्रव्यवहार चाले. त्याने १६४४ मध्ये २५७ पर्यंतची अशी यादी छापली. त्या यादीतही ३१ आहे. यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे, आणि ६१, ८९, १०७ हे राहूनच गेले. तरीही अशा संख्यांना आजतागायत मेर्सेन संख्या म्हणतात. नाव कुणाचं लागेल याला गणितात तरी न्याय नसतो.

आता ३१ ची बाजू खरोखर कशी तपासायची? शाळेत शिकवलेली रीत अशी: संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. ९७ साठी २, ३, ५, ७ पुरतात. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० हून किंचित जास्त आहे, आणि तिथवर ४,७९२ मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येला पाच अंकी संख्येने भागायचं, दिवसाला वीस भागाकार धरले तरी आठ महिने. शिवाय आधी त्या ४,७९२ मूळ संख्यांचा बिनचूक तक्ता हवा, आणि एकही भागाकार चुकून चालणार नाही.

या डोंगराला पहिलं भगदाड पाडलं पिएर द फर्माने. जून १६४० मध्ये मेर्सेनला लिहिलेल्या पत्रात त्याने एक नियम सांगितला. तो एका लहान उदाहरणात डोळ्यांसमोर उलगडतो, म्हणून कागद-पेन्सिल घेऊनच बघावा. २ चे घात ओळीने घ्यायचे आणि प्रत्येकाला २३ ने भागून फक्त बाकी लिहायची. सुरुवात २, ४, ८, १६. पुढचा घात ३२, त्यातून २३ गेले, बाकी ९. यापुढे मोठे घात काढायची गरजच नाही. आधीच्या बाकीची दुप्पट करायची, २३ च्या वर गेली तर २३ काढून टाकायचे: १८, १३, ३, ६, १२ आणि अकराव्या पायरीवर १. एकावर आलं की पुढे पुन्हा २, ४, ८, १६. चक्र पूर्ण झालं. अकराव्या घाताची बाकी १ आहे, म्हणजे त्यातून १ वजा केला की २३ ने निःशेष भाग जाणार. २०४७ ला २३ ने भाग का जातो, याचं हे संपूर्ण उत्तर. भागाकार करायची वेळच आली नाही.

फर्माच्या लक्षात आलं ते याच्या पुढचं. भागणारी संख्या मूळ आणि विषम असेल, तर तिच्याहून एकाने कमी असलेल्या पायरीवर हे चक्र हमखास १ वर येतं. २३ असेल तर बाविसाव्या पायरीवर. अकरा पायऱ्यांचं चक्र बाविसाव्या पायरीवर १ दाखवतं, कारण २२ मध्ये ११ पुरते दोनदा मावतात. हे मावणं सक्तीचं आहे. चक्राच्या लांबीने त्या ‘एकाने कमी’ संख्येला भाग जायलाच हवा.

हेच आता आपल्या संख्येला लावू. समजा एखादी मूळ संख्या तिला निःशेष भागते. मग त्या संख्येच्या चक्रात एकतिसाव्या पायरीवर १ येतो. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे चक्राची लांबी ३१ च असणार, त्याहून लहान नाही. म्हणजे त्या विभाजकातून १ वजा केल्यावर ३१ च्या पटीतली संख्या उरली पाहिजे. विभाजक विषम आहे, म्हणून ती समही हवी. थोडक्यात, विभाजक ६२ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असला पाहिजे. एका ओळीत बहुतेक सगळे उमेदवार बाद झाले. ३ ने भागून बघा, ७ ने भागून बघा, ही भानगडच संपली. याच नियमाने फर्माने कातालदीची ३७ ची रांग मोडली. ३७ च्या दुपटीच्या पटीत एक मिळवत गेलं की २२३ ही मूळ संख्या लवकरच समोर येते, आणि तिने भाग जातो.

ऑयलरने या चाळणीवर दुसरी चाळणी बसवली. एकतिसाव्या घाताची बाकी १ असेल, तर बत्तिसाव्या घाताची २ असणार. पण बत्तिसावा घात म्हणजे सोळाव्या घाताचा वर्ग. याचा अर्थ, आपल्या या संशयित विभाजकाने भागल्यावर २ बाकी उरेल असा एक वर्ग अस्तित्वात आहे. अशी सोय सगळ्याच मूळ संख्यांपाशी नसते. ७ पाशी आहे: ३ चा वर्ग ९, बाकी २. १७ पाशी आहे: ६ चा वर्ग ३६, बाकी २. ५ किंवा ११ घेतले तर कितीही वर्ग करून पाहा, बाकी २ येत नाही. ज्या विषम मूळ संख्यांना ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात, फक्त त्यांच्यापाशी ही सोय असते.

६२ ची अट आणि ८ ची अट एकत्र केली की विभाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी, तिसरी कुठलीच चालणार नाही. ४६,३४० पर्यंत अशा संख्या पावणेचारशेच्या आत आहेत, आणि त्यातल्या मूळ सुमारे ऐंशी. ४,७९२ भागाकारांचं काम ऐंशीच्या घरात आलं. आठ महिन्यांचं आठवड्यावर.

यादीची सुरुवात पाहिली तर हात आणखी हलका होतो. ६३ आणि २४९ ला ३ ने भाग जातो, ते गेले. पहिला खरा उमेदवार ३११. मग ४९७ ला ७ ने भाग जातो, ५५९ ला १३ ने. पुढच्या पाचही संख्या अशाच फुटतात आणि दुसरा उमेदवार थेट १,३०३ निघतो. ३११ ने भागून पाहू. भागाकार येतो ६९,०५,०९२ आणि बाकी ३५. नापास. मघाच्या दुप्पट करण्याच्या रीतीने गेलं तरी एकतिसाव्या पायरीवर ३६ येतात, १ वजा केला की तेच ३५. दोन वेगळ्या वाटांनी एकच बाकी आली की हिशेब करणाऱ्याला जरा हायसं वाटतं. अशा ऐंशीएक संख्या, आणि प्रत्येक वेळी शून्य सोडून दुसरी कुठलीतरी बाकी.

ऑयलरने हे बर्लिनच्या योहान बेर्नुलीला पत्राने कळवलं. २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून होणाऱ्या मूळ संख्या ४६,३३९ पर्यंत तपासल्या, एकीनेही भाग गेला नाही, एवढाच मजकूर. मिरवणं नाही, पानं भरून भागाकारही नाहीत. पत्राच्या वेळी तो पासष्टीला आलेला होता. उजवा डोळा तिशीतच गेलेला, १७६६ नंतर डाव्यातही मोतीबिंदू, आणि आदल्याच वर्षी आगीत घर जळालेलं. मुलं आणि सहायक त्याच्या सांगण्यावरून लिहून घेत. आंधळ्या ऑयलरने डोक्यात मोठाले हिशेब केल्याच्या कथा भरपूर सांगितल्या जातात, आणि त्याची स्मरणशक्ती अफाट होती यात शंका नाही. तरी मला त्या कथांपेक्षा ही चाळणी जास्त थक्क करते. जो भागाकार करायचाच नाही, तो चुकण्याची भीतीही नसते.

या शोधाने आठवी परिपूर्ण संख्याही हाती आली: २३०५८४३००८१३९९५२१२८, एकोणीस अंकी. पीटर बार्लो या इंग्रज गणितीने १८११ च्या संख्या सिद्धांतावरच्या पुस्तकात असं भाकीत केलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग शून्य, तेव्हा कोण कशाला मागे लागेल. बार्लोची गणित कोष्टकं पुढे शंभराहून अधिक वर्षं अभियंत्यांच्या टेबलावर होती. माणूस व्यवहारी होता. उपयोगाविषयीचं त्याचं म्हणणं चुकलं असं मी म्हणणार नाही, परिपूर्ण संख्यांचा व्यवहारात उपयोग आजही नाही. चुकलं ते माणसाच्या स्वभावाविषयीचं.

१८७६ मध्ये एदुआर लुका या फ्रेंच गणितीने १२७ एकांची, ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. तिथे ऑयलरची चाळणीही तोकडी पडते, म्हणून लुकाने विभाजक शोधण्याचा नादच सोडला. त्याची रीत १९३० मध्ये डेरिक लेमरने घासूनपुसून सोपी केली. ४ पासून सुरुवात करायची. प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. रांगेतल्या एकांपेक्षा दोन पायऱ्या कमी. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. पाच एकांची संख्या म्हणजे ३१ घ्या. ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. झालं. आपल्या दहा अंकी संख्येला अशा २९ पायऱ्या लागतात.

यात बाकी काढणंही स्वस्त पडतं. ९ ने भागल्यावर काय उरेल हे पाहायला आपण अंकांची बेरीज करतो, कारण १० ला ९ ने भागल्यावर १ उरतो. इथेही तसंच. १९४ म्हणजे ३२ चे ६ गट आणि वर २. सहा आणि दोन आठ, हीच बाकी. द्विमान रांग कापायची आणि तुकड्यांची बेरीज करायची. आजही सर्वांत मोठ्या मूळ संख्या शोधणारे याच सवलतीमुळे एकांच्या रांगांना चिकटून आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या विक्रमी संख्येत १३,६२,७९,८४१ एक आहेत आणि दशमानात तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात. ती सापडली ल्यूक ड्युरँट यांना, एका स्वयंसेवी प्रकल्पात, ग्राफिक्सच्या चिपांवर गणित करून.

आता संगणकाच्या कुंपणाकडे. पूर्णांक साठवायला ३२ बिट दिले की एक बिट धन-ऋण चिन्हासाठी जातो आणि उरतात ३१. सगळीकडे १ भरले की झाली आपली संख्या. त्यात आणखी १ मिळवला की हातचा थेट चिन्हाच्या जागी जाऊन बसतो आणि बेरीज उणे २,१४,७४,८३,६४८ होते. युनिक्स पद्धतीची घड्याळं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. जिथे हा हिशेब अजून ३२ बिटांत चालतो, तिथे तो १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी कुंपणाला धडकेल, आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. त्या दिवशी मंगळवार आहे, म्हणजे कार्यालयं उघडायच्या तयारीत असतील. लॅपटॉप आणि फोन बहुतेक ६४ बिटांवर गेले आहेत. धाकधूक आहे ती यंत्रांच्या पोटात बसवून विसरलेल्या छोट्या संगणकांची.

डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याने हाच आकडा ओलांडला, तेव्हा यूट्यूबने प्रेक्षकसंख्येचा गणक ६४ बिटांचा केल्याचं जाहीर केलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला. या विमानांची वीजयंत्रणा सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनित्रांच्या नियंत्रक सॉफ्टवेअरमधला गणक ओसंडतो आणि विमानातला वीजपुरवठा बंद पडू शकतो, म्हणून त्याआधी यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करा. आपल्या संख्येइतके सेकंदाचे शंभरावे भाग मोजले तर २४८ दिवस आणि तेरा तास होतात. ऑयलरच्या चाळणीतलेही २४८ च. पण तिथे ते ८ गुणिले ३१ मधून आलेले आणि इथे सेकंदांच्या हिशेबातून. निव्वळ योगायोग, मी तो फक्त गंमत म्हणून नोंदवतो.

योगायोगाचीच गोष्ट निघाली तर मुख्य योगायोगही सांगायला हवा. संगणकाचं कुंपण मूळ संख्या आहे, याला काहीच अर्थ नाही. अभियंत्यांनी ३२ बिट निवडले ते ८ च्या पटीत सोयीचे म्हणून. एक चिन्हाला गेला आणि ३१ उरले. १६ बिटांचं कुंपण ३२,७६७ आहे, त्याला ७ ने भाग जातो. यूट्यूबच्या नव्या गणकाच्या कुंपणात ६३ एक आहेत. त्यांचे तीन-तीनचे तुकडे पडतात, म्हणून तेही ७ ने फुटतं. कुंपणाचं काम तरीही अडत नाही. २०३८ चा घोटाळा ‘मूळ संख्येमुळे’ होणार असं कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्यावं.

मूळ असण्याचा खरा उपयोग झाला तो दुसरीकडे, खोट्या यादृच्छिकतेत. खेळ, सर्वेक्षणं, अणुभट्टीचे हिशेब, सगळ्यांना मनमानी दिसणारे आकडे हवे असतात, आणि संगणक तर नियमाबाहेर एक पाऊल टाकत नाही. १९४९ च्या सुमारास त्याच लेमरने तोडगा सुचवला: एक आकडा घ्या, ठरावीक संख्येने गुणा, दुसऱ्या ठरावीक संख्येने भागून बाकी ठेवा, ती बाकी हाच पुढचा आकडा. आयबीएमच्या सिस्टिम ३६० साठी १९६९ मध्ये जी जोडी निवडली गेली, तीत भागणारी संख्या आपली २१४७४८३६४७ आणि गुणणारी १६,८०७, म्हणजे ७ चा पाचवा घात. १ पासून निघालं की १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, मग ९८४९४३६५८. आकड्यांना आगापिछा दिसत नाही. १९८८ मध्ये स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी हीच जोडी किमान दर्जा म्हणून सुचवली. असे आकडे बनवणारी खूप निकृष्ट जनित्रं त्या वेळी बाजारात होती, निदान याच्याखाली तरी जाऊ नका, असं त्यांचं म्हणणं. सी++ च्या प्रमाणित ग्रंथालयात ती आजही आहे.

इथे पुन्हा मघाचंच चक्र येतं. फक्त २ च्या जागी १६,८०७ आणि २३ च्या जागी आपली संख्या. चक्र लहान असेल तर आकडे लवकर पुन्हा पुन्हा येऊ लागतात, म्हणून ते होता होईल तेवढं लांब हवं. भागणारी संख्या संयुक्त असती तर गोची झाली असती. समजा २०४७ घेतली आणि सुरुवात चुकून २३ पासून झाली. मग कितीही गुणा, बाकी कायम २३ च्या पाढ्यातलीच, त्यातून सुटका नाही. मूळ संख्येला असले सापळे नसतात. शून्य सोडून कुठूनही निघा, आणि गुणणारी संख्या नीट निवडलेली असेल तर चक्र एकाही आकड्याला न वगळता आणि एकदाही न दुणावता पुरत्या २,१४,७४,८३,६४६ पायऱ्या फिरून मगच मूळ जागी येतं.

‘नीट निवडलेली’ कशी ठरवायची? ७ चं चक्र पूर्ण लांबीचं आहे हे ठाऊक होतं. ७ चा पाचवा घात घेतला तरी ते पूर्णच राहतं, कारण चक्राच्या लांबीचे मूळ अवयव २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ असे आहेत आणि त्यांत ५ नाही. तिसरा घात घेतला असता तर चक्राचे तीन तुकडे पडले असते. ज्यांनी हे निवडलं त्यांना बाकी कशाचा नाही तरी फर्माच्या पत्रातल्या नियमाचा उपयोग झालाच. अर्थात आता हे जनित्रही जुनं झालं. दोन अब्ज आकडे आजचा संगणक काही सेकंदांत संपवतो, आणि एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात, त्यामुळे गुप्त संदेशांच्या कामी ते अजिबात घेऊ नये.

या संख्येच्या घराण्याविषयी एक गोष्ट राहिली. पाच एकांची संख्या ३१, मूळ. एकतीस एकांची संख्या आपली, तीही मूळ. मग २,१४,७४,८३,६४७ एकांची रांग? आजच्या विक्रमी संख्येहून ती पंधरा पटींहून अधिक लांब आहे. नुसती लिहायची तर सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंक लागतील. ५ ला ३१, ३१ ला २१४७४८३६४७, अशी माळ पुढेही मूळच निघेल, अशी आशा वाटणं साहजिक आहे. ती निघत नाही. २९५२५७५२६६२६०३१ या पंधरा अंकी संख्येने तिला भाग जातो. या विभाजकातून १ वजा करून उरलेल्याला २१४७४८३६४७ ने भागा: बरोबर १,३७,४९०, आणि तीही सम. ८ ने भागा: बाकी ७. फर्माची आणि ऑयलरची, दोन्ही चाळण्या इथेही जशाच्या तशा लागू आहेत. त्या नसत्या तर एवढ्या प्रचंड संख्येत हात घालायचा कुठे हेही कळलं नसतं.

दुसरी माळ २, ३, ७, १२७ अशी चालते, आणि तिचा पाचवा मणी म्हणजे लुकाची ३९ अंकी मूळ संख्या. सहाव्या मण्यात तितके एक असतील. त्याचे अंक मोजायलाच ३८ अंकी आकडा लागतो, त्यामुळे लुका आणि लेमरची रीत तिथे कधीच चालणार नाही. शोधणारे अजूनही त्या ३९ अंकी संख्येच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून एकेक उमेदवार तपासत आहेत. आजवर एकाही उमेदवाराने भाग गेलेला नाही.